सांगावा कोणाचा, सत्ता कोणाची? : आयआरसी या संवादयंत्रणेची ओळख

महारवतनात जी कामे जन्माने माथी मारलेली होती, त्यांत सांगावा पोचवणे हे एक काम होते. गावात कोणी मेले की कोसकोस चालत जाऊन सोयऱ्यांना कळवायचे, सरकारी कागद पुढच्या गावी न्यायचा, चावडीवर माणसे बोलावून आणायची, आणि स्वतः मात्र चावडीच्या पायरीखाली उभे राहायचे. निरोप त्याच्या तोंडून जात होता, पण त्या निरोपात त्याचा स्वतःचा शब्द नव्हता. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. सांगावा कोणी न्यायचा, त्यात काय असावे हे कोणी ठरवायचे आणि ज्या वाटेने तो जातो ती वाट कोणाच्या मालकीची, हे प्रश्न मात्र रद्द झालेले नाहीत. त्यांचे रूप बदलले आहे, एवढेच.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही परंपरा चालत आली. दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला जागा मिळावी म्हणून अर्ज करत बसण्यापेक्षा आपले पत्र आपण काढावे, ही त्यामागची भूमिका होती. आज आपल्या चळवळीतील बहुतेक चर्चा छापील पत्रांत होत नाहीत. त्या मोबाइलवरच्या गटांत होतात. हे गट कोणाच्या तरी कंपनीच्या जागेत उभे आहेत. जागेचे नियम ती कंपनी करते, आपली यादी तिच्याकडे असते आणि गट बंद करण्याचा अधिकारही तिचाच असतो. ज्या चळवळीने स्वतःच्या पत्रासाठी पदरमोड केली, तिने या नव्या परावलंबनाचा विचार करू नये, हे मला विसंगत वाटते.

म्हणून या लेखात मी एका जुन्या, साध्या आणि फुकट मिळणाऱ्या संवादयंत्रणेची माहिती देणार आहे. तिचे नाव ‘इंटरनेट रिले चॅट’, म्हणजे आयआरसी. ‘रिले’चा अर्थच मुळी एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे सांगावा देणे असा आहे. ही यंत्रणा म्हणजे मुक्तीचा मंत्र आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यात दोष आहेत आणि त्यांचीही चर्चा मी पुढे करणार आहे. पण ती समजून घेतली की संवादाच्या कोणत्याही साधनात सत्ता कुठे बसलेली असते ते उघड दिसू लागते, आणि कार्यकर्त्याला ही दृष्टी हवीच.

१

आयआरसीचा जन्म ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात झाला. यार्को ओइकारिनेन या तरुणाने तेथील संगणकावरच्या गप्पांच्या एका जुन्या कार्यक्रमाऐवजी हा नवा कार्यक्रम लिहिला. अनेक माणसांना एकाच वेळी लेखी बोलता यावे, एवढाच हेतू होता. थोड्याच काळात तो इतर विद्यापीठांत आणि इतर देशांत पसरला. १९९१ च्या आरंभी आखाती युद्धाच्या बातम्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघातील सत्तापालटाच्या प्रयत्नाची माहिती लोक या मार्गाने एकमेकांना देत होते. प्रस्थापित माध्यमे बंद असताना किंवा गप्प असताना माणसे लेखी बोलत होती, म्हणून या घटनांची नोंद आयआरसीच्या इतिहासात राहिली. मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांनी या यंत्रणेचे नियम लिहून जाहीर केले. आरएफसी १४५९ या क्रमांकाने ते ओळखले जातात. नियम सर्वांसाठी खुले असल्यामुळे ते वाचून कोणीही स्वतःचा सर्व्हर किंवा स्वतःचे साधन बनवू शकतो. कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. आयआरसीचे खरे वेगळेपण इथे आहे.

या इतिहासात फुटीही पुष्कळ आहेत. १९९० मध्ये बर्कलीच्या एका सर्व्हरने कोणालाही न विचारता जोडले जाण्याची मोकळीक दिली. इतरांना ते धोक्याचे वाटले आणि त्यांनी त्याला बाहेर काढले. त्या सर्व्हरच्या नावात ‘एरिस’ होते, म्हणून उरलेल्यांनी आपल्या जाळ्याला ‘एरिस-मुक्त’ या अर्थाचे नाव घेतले. त्याचेच लघुरूप ईएफनेट. पुढे १९९२ मध्ये अंडरनेट, १९९४ मध्ये डालनेट आणि १९९६ मध्ये आयआरसीनेट ही वेगळी जाळी झाली. प्रत्येक फुटीमागचा वाद एकच होता: दार किती उघडे ठेवायचे आणि किल्ली कोणाकडे द्यायची. संघटनाफुटीचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयआरसीमध्ये गटाच्या नावाआधी # हे चिन्ह लावतात. २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषय एकत्र बांधण्यासाठी हेच चिन्ह वापरावे असे सुचवले, आणि तेथून हॅशटॅग रूढ झाला. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर देशभरच्या विद्यार्थ्यांनी ज्या चिन्हाखाली न्याय मागितला, त्या चिन्हाचे मूळ या जुन्या जाळ्यात आहे.

२

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू. तीन शब्द नीट समजले की बाकीचे सोपे आहे.

पहिला शब्द सर्व्हर. निरोप घेऊन पुढे देणारा हा संगणक. असे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडले की त्याचे नेटवर्क, म्हणजे जाळे होते. जोडणी झाडासारखी असते. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायला एकच वाट. त्यामुळे मधली जोडणी तुटली की जाळ्याचे दोन तुकडे पडतात आणि अर्धी माणसे एकदम नाहीशी झालेली दिसतात. याला नेटस्प्लिट म्हणतात. नवखा माणूस घाबरतो, सगळे आपल्याला सोडून गेले असे त्याला वाटते. जोडणी पुन्हा झाली की माणसे परत दिसू लागतात.

दुसरा शब्द चॅनेल. एका विषयावर बोलण्याची ही जागा. त्या चॅनेलमध्ये जो आहे त्याला तिथले प्रत्येक वाक्य दिसते. नसलेल्या चॅनेलचे नाव देऊन आत गेले की ते चॅनेल तयार होते, आणि पहिल्यांदा आत गेलेला माणूस त्याचा ऑपरेटर, म्हणजे चालक होतो.

तिसरा शब्द क्लायंट. आपल्या संगणकावर किंवा मोबाइलवर चालणारा, सर्व्हरशी बोलणारा हा कार्यक्रम. सर्व्हर कोणताही असो, क्लायंट आपल्या पसंतीचा वापरता येतो. पत्र कोणत्याही शाईने लिहिले तरी टपालखाते ते पोचवते, तसेच हे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. मूळ आयआरसी काहीही साठवून ठेवत नाही. तुम्ही हजर असाल तेव्हाचे बोलणे तुम्हाला दिसेल. गैरहजर असाल तर ते गेले. सभेला न आलेल्याला सभेतले भाषण ऐकू येत नाही, तसेच.

३

सुरुवात कशी करावी? मी पुढील क्रम सुचवतो.

आधी नेटवर्क निवडावे. आज शिकण्यासाठी लिबेरा चॅट हे नेटवर्क सोयीचे आहे. मुक्त संगणकप्रणाली आणि विकिपीडियासारखे सहकारी ज्ञानप्रकल्प चालवणारे लोक तिथे असतात. अनौपचारिक विषयांच्या चॅनेलच्या नावाआधी तिथे # हे चिन्ह दोनदा लावण्याची रीत आहे. डेबियन या मुक्त प्रणालीचे कार्यकर्ते ओएफटीसी या नेटवर्कवर जमतात. प्रत्येक नेटवर्कचे नियम त्याच्या संकेतस्थळावर असतात. ते वाचूनच आत जावे.

मग क्लायंट. पहिल्या दिवशी काहीही बसवू नये. लिबेराचा क्लायंट ब्राउझरमध्येच उघडतो. टोपणनाव आणि चॅनेलचे नाव दिले की काम सुरू होते. ग्रंथालयातल्या किंवा महाविद्यालयातल्या संगणकावरूनही हे जमते. गोडी लागली की स्वतंत्र क्लायंट घ्यावा. लिनक्सवर कॉन्व्हर्सेशन चांगला आहे. पत्रव्यवहारासाठी थंडरबर्ड वापरणाऱ्यांना त्यातच आयआरसीची सोय मिळते. अँड्रॉइड मोबाइलवर गोगुमा हा मुक्त क्लायंट आहे. विंडोजवर १९९५ पासून एमआयआरसी प्रसिद्ध आहे, पण चाचणीची मुदत संपल्यावर त्याचे पैसे भरावे लागतात. हेक्सचॅटचे नाव अनेक जुन्या मार्गदर्शिकांत आढळेल. त्याची अखेरची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली आणि काम थांबले, म्हणून नव्या माणसाला मी तो सुचवत नाही. इरसी आणि वीचॅट हे जाणकारांचे आवडते क्लायंट. ते काळ्या पडद्यावर केवळ अक्षरांत चालतात आणि फार हलके आहेत. मात्र अशा पडद्यावर देवनागरीतील काना-मात्रा-वेलांट्या अनेकदा विस्कटतात. मराठीत बोलायचे असेल तर खिडकीत चालणारा क्लायंट बरा.

क्लायंटमध्ये सर्व्हरचा पत्ता द्यायचा: लिबेरासाठी आयआरसी डॉट लिबेरा डॉट चॅट. सोबत पोर्ट क्रमांक विचारला जातो. तिथे ६६९७ लिहावे आणि सुरक्षित जोडणीची खूण करावी. जुन्या पुस्तकांत ६६६७ हा क्रमांक आढळतो. त्या वाटेने मजकूर उघडा जातो आणि वाटेतला कोणीही तो वाचू शकतो.

आत गेल्यावर काही आज्ञा लागतात. प्रत्येक आज्ञेआधी तिरकी रेघ येते. मी इथे त्या देवनागरीत लिहितो, पण यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. टोपणनाव बदलायला /निक आणि पुढे नाव. चॅनेलमध्ये शिरायला /जॉइन आणि पुढे # सह चॅनेलचे नाव. एकट्या माणसाशी खासगी बोलायला /एमएसजी, त्याचे टोपणनाव आणि मजकूर. चॅनेलचा विषय पाहायला /टॉपिक. एखाद्याची माहिती पाहायला /हूइज. चॅनेल सोडायला /पार्ट आणि नेटवर्क सोडायला /क्विट. तिरकी रेघ नसलेली प्रत्येक ओळ सर्वांना दिसते. म्हणून संकेतशब्द लिहिण्यापूर्वी ओळीच्या आरंभाकडे एकदा पाहावे. आधी एखादी मोकळी जागा राहिली तरी संकेतशब्द चव्हाट्यावर येतो.

शेवटी आपले टोपणनाव नोंदवून घ्यावे. नाहीतर आपण बाहेर गेलो की कोणीही तेच नाव घेऊन आपल्या नावाने बोलू शकतो. लिबेरावर निकसर्व्ह नावाची सेवा आहे. तिला खासगी निरोपाने रजिस्टर हा शब्द, संकेतशब्द आणि ई-पत्ता पाठवायचा. त्या पत्त्यावर खातरजमेचा मजकूर येतो. तो परत दिला की नाव आपले झाले.

४

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. नाव नोंदवताना काय विचारले गेले? टोपणनाव, संकेतशब्द आणि ई-पत्ता. आडनाव कोणी विचारले नाही. मोबाइल क्रमांक विचारला नाही. गाव विचारले नाही.

महाराष्ट्रात आडनाव विचारणे म्हणजे काय असते हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, वसतिगृहाच्या पहिल्या रात्री ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न जातीचाच प्रश्न असतो. मोबाइलवरच्या बहुतेक गटांत आपला क्रमांक आणि नाव गटातील अनोळखी माणसांपर्यंत पोचते. आपल्या मुलींना आणि स्त्री कार्यकर्त्यांना त्याचा किती त्रास होतो हे आपण पाहतो. आयआरसीवर माणूस आधी त्याच्या वाक्याने ओळखला जातो. बोलण्याचा हेल ऐकू येत नाही, कपडे दिसत नाहीत.

पण लेखी संवादाने जात संपते असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. हेल लपतो, पण ऱ्हस्व-दीर्घ लपत नाहीत. ‘शुद्ध’ मराठीच्या नावाखाली आपल्या लेखकांची जी थट्टा झाली ती लेखीच झाली होती. चॅनेलमध्ये कोणी बोलीत लिहिले आणि कोणी त्याची वेलांटी सुधारू लागला, तर तिथे चावडी पुन्हा उभी राहिली असे समजावे. दुसरे असे, की ज्या टोपणनावाने पीडिताला आडोसा मिळतो त्याच टोपणनावाआड जातीय शिवीगाळ करणाराही लपतो. या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातील ‘लोकांच्या नजरेसमोर’ या अटीत इंटरनेटवरून केलेला अपमानही बसू शकतो, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घेतली. असा प्रसंग आला तर मजकूर वेळेसह जतन करावा. आयआरसी स्वतः काही साठवत नसल्याने हे काम आपल्या क्लायंटमधील नोंदवहीलाच करावे लागते.

५

आता सत्तेचा प्रश्न. चॅनेलच्या चालकाच्या नावाआधी @ हे चिन्ह दिसते. तो विषय बदलू शकतो, एखाद्याला बाहेर ढकलू शकतो आणि पुन्हा येऊ नये म्हणून बंदी घालू शकतो. चॅनेल ‘नियंत्रित’ केले की त्याने ज्यांना बोलण्याची मुभा दिली तेच बोलतात, बाकीचे नुसते वाचतात. मुभा मिळालेल्यांच्या नावाआधी + हे चिन्ह येते. म्हणजे @ वाले, + वाले आणि चिन्ह नसलेले, अशी ही उतरंड आहे. ती जन्माने ठरत नाही आणि एका आज्ञेने बदलते, हा फरक महत्त्वाचा आहे. तरी उतरंड ती उतरंडच. ज्यांच्या पूर्वजांनी बहिष्कार भोगला त्यांनी बंदीची आज्ञा हातात आल्यावर ती कशी वापरायची, याचा विचार आधीच करून ठेवावा. माझी सूचना अशी की चालक एकटा नसावा. किमान तीन असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात आणि ठरावीक मुदतीने ते बदलावेत. कोणाला बाहेर काढले तर कारण चॅनेलमध्ये लिहावे.

बंदीची सत्ता नेहमी दुष्टच असते असेही नाही. १९९३ च्या डिसेंबरमध्ये रॉबी पॉइंटर यांनी एगड्रॉप नावाचा एक बॉट लिहिला. बॉट म्हणजे माणसाऐवजी चॅनेलमध्ये बसून राहणारा कार्यक्रम. समलिंगी तरुणांच्या एका चॅनेलचे रक्षण करण्यासाठी तो प्रथम लिहिला गेला, आणि पुढे जगभर वापरला गेला. बहिष्कृतांना आपल्या जागेवर पहारा ठेवावा लागतो, हे सत्य त्या यंत्रातही उतरलेले आहे.

चालकाच्याही वर सर्व्हरचा मालक असतो. याचा धडा २०२१ मध्ये मिळाला. फ्रीनोड हे मुक्त प्रणालीवाल्यांचे सर्वांत मोठे नेटवर्क होते. ते वर्षानुवर्षे स्वयंसेवकांच्या श्रमावर चालले. पण त्याचे नाव आणि पत्ता यांवरचा कागदोपत्री हक्क श्रम करणाऱ्यांच्या हाती नव्हता. मालकीचा वाद उफाळला तेव्हा स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि १९ मे २०२१ रोजी लिबेरा चॅट सुरू केले. स्वीडनमध्ये ना-नफा संघटना म्हणून त्याची नोंद आहे. त्यानंतर काही दिवसांतच, ज्या चॅनेलच्या विषयात लिबेराचे नाव आले अशी शेकडो चॅनेले फ्रीनोडच्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. उबुंटू, विकिमीडिया यांसारखे मोठे समूह नव्या घरी गेले. त्यांना जाता आले, कारण नियम खुले होते आणि क्लायंट तोच चालत होता. फक्त पत्ता बदलावा लागला. कंपनीच्या बंद साधनातून असे बाहेर पडता येत नाही. तिथे घर सोडले की माणसेही सुटतात. राबणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. म्हणून संस्थेचे संकेतस्थळ असो, मोबाइलवरचा गट असो की आयआरसीचे चॅनेल, त्याचे नाव आणि किल्ल्या कोणाच्या नावावर आहेत हे प्रत्येक संस्थेने एकदा लिहून काढावे.

६

लिपीचा प्रश्नही सत्तेचाच प्रश्न आहे. १९९३ च्या नियमांनुसार टोपणनाव फार तर नऊ अक्षरांचे आणि तेही रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांतूनच घडवायचे. मौज अशी की त्याच नियमांत महिरपी आणि चौकटी कंस ही एकाच अक्षराची लहान-मोठी रूपे मानावीत असे कलम आहे, आणि यंत्रणेचा उगम स्कँडिनेव्हियातला असल्यामुळे ते घातले असे कारणही तिथे दिले आहे. त्या काळी तेथील संगणकांवर या कंसांच्या जागी त्यांची स्वतःची अक्षरे असत. म्हणजे ज्यांनी यंत्र घडवले त्यांच्या अक्षरांना नियमात जागा मिळाली. आपण त्या टेबलाशी नव्हतो, म्हणून आपली अक्षरे त्यात नाहीत. भारतात जनतेसाठी इंटरनेट सुरू झाले तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

संदेशाच्या मजकुरात मात्र देवनागरी चालते. पण तिथेही हिशोब आहे. एक संदेश ५१२ बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि त्यातच पाठवणाऱ्याचे नाव, चॅनेलचे नाव वगैरे मावले पाहिजे. रोमन अक्षर एका बाइटचे. सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते. ‘समता’ या तीन अक्षरी शब्दात एका कान्यासह चार चिन्हे आहेत, म्हणून तो १२ बाइटचा. ‘जातिव्यवस्था’ हा शब्द १२ चिन्हांचा, म्हणजे ३६ बाइटचा. मराठी माणसाला एका ओळीत साधारण सव्वाशे ते दीडशे चिन्हे मिळतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्याच्या तिप्पट. काही क्लायंट लांब ओळ आपोआप तोडून दोन संदेश करतात. जे करत नाहीत, त्यांतून वाक्याचे शेपूट वाटेतच गळते. उपाय साधा आहे: छोटी वाक्ये लिहावीत, एका ओळीत एक मुद्दा मांडावा.

पण ही विषमता निसर्गाने केलेली नाही. माणसांनी केलेले नियम माणसे बदलू शकतात. एर्गो नावाचा नव्या काळातला मुक्त सर्व्हर आहे. त्यावर देवनागरीतील टोपणनावे आणि चॅनेलनावे चालवता येतात, आणि गैरहजर माणसासाठी मागचे बोलणे साठवण्याची सोयही करता येते. पाच-पन्नास माणसांच्या गटासाठी तो एखाद्या जुन्या संगणकावरही चालेल. आपल्या एखाद्या महाविद्यालयातील संगणकाच्या विद्यार्थ्यांनी हे काम अभ्यास म्हणून हाती घ्यावे. ‘स्वतःचे पत्र’ या कल्पनेचा तो आजचा अर्थ होईल.

७

धोक्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आयआरसी गुप्त नाही. सुरक्षित जोडणीने वाटेतला चोर अडतो, पण सर्व्हर चालवणाऱ्याला खासगी निरोपसुद्धा वाचता येऊ शकतो. चॅनेलमधला कोणीही सगळे बोलणे उतरवून ठेवू शकतो. अनेक नेटवर्कवर आपल्या जोडणीचा पत्ता इतरांना दिसतो. लिबेरावर नाव नोंदवल्यावर तो झाकणारे आवरण मिळते. म्हणून अत्याचाराच्या प्रकरणातील साक्षीदाराचे नाव, पीडितेचा पत्ता, मोर्च्याचे आतले नियोजन अशा गोष्टी इथे लिहू नयेत. त्यासाठी दोन्ही टोकांना कुलूप असलेली साधने वेगळी आहेत. आयआरसी ही जाहीर सभेची जागा आहे असे धरून चालावे. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नये, आणि ‘ही आज्ञा देऊन बघ’ असे कोणी सांगितले तर अर्थ कळल्याशिवाय देऊ नये.

शिष्टाचारही थोडे आहेत. ‘एक प्रश्न विचारू का?’ असे न विचारता सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. समोरचा माणूस दुसऱ्या देशात झोपलेला असू शकतो. लगेच उत्तर आले नाही म्हणून निघून गेलेल्याला उत्तर कधीच मिळत नाही.

८

याचा आपल्याला उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी आणि शिक्षक विचारतील. एक उदाहरण देतो. पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाने २००८ पासून आयआरसीवर उन्हाळी प्रशिक्षण चालवले. हा वर्ग केवळ अक्षरांचा होता. आरंभी हजेरी. ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याने उद्गारचिन्ह टाइप करायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि नाव पुकारल्यावर विचारायचे. फी नाही, चित्र नाही, आवाज नाही; त्यामुळे अत्यंत मंद इंटरनेटवरही, लहान गावातल्या मुलालाही बसता येई. सभागृहात ज्याचा आवाज मोठा त्याची चर्चा होते. इथे उद्गारचिन्ह सर्वांचे सारख्याच उंचीचे असते. पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलीला आणि सराईत वक्त्याला एकाच रांगेत उभे करणारी ही पद्धत आपल्या अभ्यासमंडळांनी जरूर घ्यावी.

मी सुचवतो ते असे. आठ-दहा जणांचे एक मंडळ करावे. आठवड्यातला एक दिवस आणि एक तास ठरवावा. एखादा लेख किंवा कायद्याचे एखादे प्रकरण आधी वाचून यावे. एकाने चालक व्हावे, दुसऱ्याने इतिवृत्त ठेवावे, आणि नोंद ठेवली जात आहे हे आरंभी सर्वांना सांगावे. पुढच्या आठवड्यात ही कामे दुसऱ्यांकडे जावीत. बोलीत लिहिणाऱ्याला कोणी दुरुस्त करू नये. ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने आपल्या यंत्रावर जागा द्यावी. तीन महिन्यांनी, मंडळ स्थिरावल्यावर, स्वतःच्या सर्व्हरचा विचार करावा आणि त्याच्या किल्ल्या एका माणसाकडे न ठेवता मंडळाच्या नावावर ठेवाव्यात.

आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांचा सांगावा पायांनी वाहिला. तो कोणी लिहिला हे त्यांनी विचारायचे नव्हते. आपल्याला आज विचारता येते. सांगावा आपला असावाच, पण तो ज्या वाटेने जातो ती वाट कशी बांधली आहे आणि कोणाच्या नावावर आहे हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ते शिकायला एक संध्याकाळ पुरते.